बारा तासांची परवानगी कोणी दिली, आणि कोणाला?

गेले काही महिने आपल्या भागात एक वाक्य फिरतंय. "सरकारनं बारा तास ड्यूटी मंजूर केली." टपरीवर ऐकलं, कापड दुकानात ऐकलं, एका खासगी दवाखान्याच्या काउंटरवरही ऐकलं. एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या कारखानदारांनी तर मोबाइल पुढे करून बातमीचा मथळाच दाखवला. "वाचा पत्रकार, तुमच्याच लोकांनी छापलंय." मथळा बरोबर होता. मथळ्याखालची बातमी त्यांनी वाचलेली नव्हती.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. परवा एका युनिटमधल्या काही बायकांनी मला व्हॉट्सअॅपवरचा मेसेज दाखवला. शनिवारी रात्री पावणेदहाला ग्रुपवर पडलेला. मजकूर असा की सोमवारपासून सर्व स्टाफची ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ राहील, ज्यांना जमत नसेल त्यांनी ऑफिसला भेटावं. आधी वेळ होती नऊ ते सहा. मेसेजखाली अंगठ्याच्या सोळा-सतरा खुणा. या अंगठ्यांना उद्या कोणीतरी 'संमती' म्हणणार आहे, हे त्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं.

युनिटचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर मालकाचं काही बिघडणार नाही, बायकांचं काम जाईल. कमेंटमध्येही कोणी अंदाज लावत बसू नका, ही विनंती.

आठ ते आठ म्हणजे काय, हे ज्यांच्या दारात गाडी उभी असते त्यांना चटकन कळत नाही. या बायका आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येतात. मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटाची सवलत सुरू झाली म्हणून कित्येकींना गावाबाहेर कामाला येणं परवडायला लागलं. त्यांच्या गावाकडची मुक्कामी गाडी पावणेआठला सुटते. आठला सुट्टी झाली तर गाडी गेलेली. मग उरते वडाप, तीही भरली तर निघणार. सकाळी सातला घर सोडायचं तर स्वयंपाक पहाटे पाचला. दारात म्हैस असेल तर धारेला कोण? "दादा, पगार वाढला असता तर सासूला सांगायला तोंड तरी होतं," एक ताई म्हणाली. पगार वाढलेला नाही. तीन तास वाढलेत, पगार तेवढाच आहे.

आता कायदा. मी वकील नाही. पण वीस वर्षं कामगार, सूतगिरण्या, साखर कारखाने यांच्या बातम्या करतोय, आणि जे लिहितोय ते वाचून, विचारून लिहितोय.

३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं कारखाने आणि दुकानांच्या कामाच्या तासांत बदलाला मंजुरी दिली. कारखान्यांत दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास. विश्रांतीची सुट्टी पाचऐवजी सहा तासांनंतर. तिमाहीत ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानं-आस्थापनांत दिवसाचे नऊचे दहा तास. एवढं सगळ्यांनी वाचलं. त्याच निर्णयातला पुढचा भाग असा, की जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल आणि जादा तासांना दुप्पट दरानं पैसे द्यावे लागतील. हा भाग गावात फिरला नाही. सोयीचं तेवढंच फिरतं.

त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीच्या संहितेत दिवसाचे तास आठच आहेत. त्यापुढे काम घ्यायचं तर कामगाराची संमती आणि दुप्पट वेतन. राज्याचे बारा आणि केंद्राचे आठ कुठे कसे लागतात यावर वकील मंडळी बराच काळ भांडतील, त्यांचा तो धंदाच आहे. पण दुप्पट पैसे आणि संमती या दोन गोष्टी दोन्हीकडे आहेत, त्यात भांडायला जागा नाही. म्हणजे "परवानगी" मिळाली असेल तर ती दुप्पट पैसे मोजून काम घेण्याची. तेवढ्याच पगारात तीन तास वाढवण्याची परवानगी ना मुंबईनं दिली, ना दिल्लीनं.

आता मालक मंडळींसाठी थोडा हिशोब. तुम्हीच म्हणता ना, पत्रकाराला धंदा कळत नाही. तर मोजूया. समजा कामगाराचा पगार महिना १५,००० रुपये. महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे २०८ तास. तासाला साधारण ७२ रुपये पडले. जेवणाचा एक तास सोडला तर नऊ ते सहा म्हणजे आठ तास काम, आणि आठ ते आठ म्हणजे अकरा तास. रोज तीन तास जादा, महिन्याचे ७८ तास. दुप्पट दरानं एका कामगाराचे ११,२५० रुपये होतात. चाळीस कामगार असतील तर महिन्याला साडेचार लाख. वर्षाला चोपन्न लाख. हे आज द्यावे लागत नाहीत म्हणून वाचले असं वाटतं. ते वाचलेले नसतात, ते थकलेले असतात. वेतन संहितेत थकीत वेतनाचा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. आणि दावा दाखल झाला की पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते, कामगारावर नाही. तीन वर्षांचं गणित तुम्हीच करा.

बरं, हे चोपन्न लाख इमानदारीत दिले तरी प्रश्न संपत नाही. महिन्याचे ७८ म्हणजे तिमाहीचे २३४ तास होतात, आणि वाढवलेली मर्यादासुद्धा १४४ ची आहे. आठवड्याचे झाले ६६ तास. कारखाने कायद्यानं ओव्हरटाइम धरून ६० च्या वर जाता येत नव्हतं. म्हणजे कायमस्वरूपी आठ ते आठ हे वेळापत्रक पैसे देऊनही बसत नाही. सीझनला, ऑर्डरच्या गर्दीत, काही आठवडे जादा काम घेणं वेगळं. त्याला कायद्यात जागा आहे आणि कामगारही सहसा नाही म्हणत नाही. दिवाळीच्या तोंडावर ओव्हरटाइम मागून घेणारे कितीतरी मी पाहिलेत. पण बारमाही ओव्हरटाइमला ओव्हरटाइम म्हणत नाहीत.

"पण वेळ ठरवण्याचा अधिकार मालकाचा नाही का?" हा प्रश्न मला त्या कारखानदारांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. अधिकार आहेच. पण त्या अधिकाराला आपल्याकडे १९५६ पासून एक कुलूप आहे. औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९-अ. पगार, भत्ते, कामाचे तास, मधली सुट्टी, रजा, शिफ्ट चालू-बंद करणं किंवा बदलणं, वर्षानुवर्षं मिळत आलेली सवलत काढणं, यातला कुठलाही बदल कामगाराच्या तोट्याचा असेल तर आधी लेखी नोटीस द्यायची आणि २१ दिवस थांबायचं. नव्या औद्योगिक संबंध संहितेत तेच कुलूप कलम ४० म्हणून जसंच्या तसं आहे, दिवसही २१ च. शनिवारी रात्री मेसेज आणि सोमवारी सकाळी अंमल, यात २१ दिवस कुठे बसतात ते ज्यानं मेसेज टाकला त्यानं सांगावं.

हे २१ दिवस कशासाठी, तेही समजून घ्या. कामगारानं विचार करावा, अडचण सांगावी, जमलं तर तोडगा निघावा. एसटी डेपोला अर्ज देऊन गाडी अर्धा तास पुढे ढकलता येते का बघावं. मुलाच्या शाळेची वेळ बघावी. म्हणजे कायद्यानं मालकाला 'नाही' म्हटलेलंच नाही. 'थांब, बोल, मग कर' एवढंच म्हटलंय. आपल्याकडे मात्र बोलायचंच जड जातं.

मोठ्या कंपन्याही यात अडकल्यात. टाटा स्टीलच्या कोळसा खाणींत साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी आठवड्यातल्या दुसऱ्या वारी केली गेली. ना तास वाढले, ना पगार कमी झाला, फक्त वार बदलला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७२ मध्ये न्यायालयानं सांगितलं, यालाही नोटीस लागते. रविवारी कुटुंब घरी असतं, नातेवाईक येतात, लग्नकार्यं असतात. त्या सुट्टीची किंमत घड्याळात मोजता येत नाही. आपल्याकडे पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात विजेच्या नियोजनापायी गुरुवारची सुट्टी रुजली आणि दोन पिढ्यांनी आयुष्य गुरुवारभोवती बसवलं. त्यांच्याकडची वास्तुशांतसुद्धा गुरुवार बघून होते. असा वार एका मेसेजनं हलवून बघा, काय होतं ते.

रविवारचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मुंबईच्या गिरण्यांमध्ये आठवड्याची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, आणि त्यासाठी झगडले नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, गिरणी कामगारांचे पहिले पुढारी, आणि 'दीनबंधु'चे संपादक. म्हणजे आमच्याच धंद्यातले. आज रविवारी दुपारी वामकुक्षी घेणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे, कुणास ठाऊक.

नोटीस 'नंतर' दिली तर? काही हुशार सल्लागार हाही मार्ग सुचवतात: आधी बदल करून टाका, ओरड झाली तर मागची तारीख घालून कागद लावू. नागपूरच्या एका मोठ्या वृत्तपत्राचं प्रकरण १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. विषय तासांचा नव्हता. खिळ्यांची जुळणी जाऊन फोटो-कंपोझिंग आलं आणि जुने जुळारी कमी केले गेले. पण कलम तेच, ९-अ. नोटीस बदलाच्या आधी द्यायची असते, बदल होऊन गेल्यावर दिलेला कागद नोटीस ठरत नाही, हे त्या निकालानं स्पष्ट झालं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली ती अनुचित कामगार प्रथा ठरली. खटला ऐंशीच्या दशकातल्या बदलाचा, निकाल नव्याण्णवचा. एवढी वर्षं वकिलाची फी दोन्हीकडून चालू होती हे विसरू नका.

जुन्या कायद्यात नोटीस न दिल्याचा दंड होता जास्तीत जास्त शंभर रुपये. हो, शंभर. त्यामुळे कोणी घाबरत नसे. अजूनही बरेच सल्लागार "काय होतंय, दंड भरू" या चालीवर सल्ला देतात. पण फटका दंडातून कधीच बसत नव्हता. बदलच बेकायदा ठरतो, मग त्या काळातली प्रत्येक 'गैरहजेरी', उशिरा आला म्हणून कापलेला अर्धा दिवस, नव्या वेळेला नकार दिला म्हणून काढून टाकलेला माणूस, हे सगळं एकेक करून उलगडायला लागतं. माणूस परत घ्यायचा आणि मागचा पगारही द्यायचा, अशी वेळ येते. मेसेज टाकताना हे डोक्यात नसतं.

"सरकारनंच सूट दिली तर?" कोरोनात गुजरात सरकारनं दिली होती. १७ एप्रिल २०२० ची अधिसूचना. कारखान्यांना दिवसाला १२ तास, आठवड्याला ७२ तास, आणि जादा तासांना दुप्पट नाही, साध्या दरानं पैसे. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० ला न्यायालयानं अधिसूचना रद्द केली आणि त्या काळातल्या जादा कामाचे पैसे कामगारांना द्यायला लावले. महामारी असली तरी कारखाने कायद्यातली 'सार्वजनिक आणीबाणी' ही नाही, आणि अर्थव्यवस्थेचा सगळा भार कामगाराच्या पाठीवर टाकता येणार नाही, असा तो निकाल होता. राजपत्रावर विसंबून तास वाढवलेल्यांवर ही पाळी आली. तुम्ही तर मोबाइलवरच्या मथळ्यावर विसंबलाय.

आता ज्या गोष्टीकडे मालकांचं सर्वात कमी लक्ष असतं ती. रस्ता. शिफ्टची वेळ बदलली की कामगार रस्त्यावर असण्याची वेळ बदलते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलंच प्रकरण आहे. साखर कारखान्याचा वॉचमन. ड्यूटी पहाटे तीन ते सकाळी अकरा. एप्रिल २००३ मध्ये रात्री मोटारसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना पाच किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुलं आणि आई. भरपाई मंजूर झाली तीन लाख सव्वीस हजार एकशे चाळीस रुपये, वर बारा टक्के व्याज. विमा कंपनी हायकोर्टात गेली. कामावर पोचलाच नव्हता म्हणून हा कामावरचा अपघात नाही, असं म्हणत हायकोर्टानं ती भरपाई रद्द केली. २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा बहाल केली. अपघाताची वेळ, ठिकाण, परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर कामावर जाता-येतानाचा अपघातही नोकरीतलाच. पहाटे तीनच्या ड्यूटीसाठी माणूस अंधारात रस्त्यावर असतो तो हौसेनं नसतो, हे समजायला बावीस वर्षं गेली.

आता विचार करा. मुक्कामी गाडी चुकवून रात्री सव्वाआठला हायवेवर वडापची वाट बघत उभी असलेली बाई. तिची ड्यूटी कागदावर सहापर्यंत आहे, कारण गेटवर लावलेलं वेळापत्रक कुणी बदललेलं नाही. हजेरीपुस्तकातही सहा. काही झालं तर मालक काय सांगणार, ती आठपर्यंत इथे काय करत होती? कारखाने कायद्यानं कामाच्या वेळेचा फलक लावायचा, त्यात बदल करायचा तर निरीक्षकाला आधी कळवायचं, आणि फलकावरच्या वेळेबाहेर काम घ्यायचं नाही, ही तरतूद १९४८ पासूनची आहे. फलक मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय. ऊन-पावसानं अक्षरं गेलेली असतात.

बायकांच्या बाबतीत आणखी एक. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी काम घ्यायचं असेल तर नव्या संहितेत त्यांची संमती लागते आणि सुरक्षिततेच्या अटी पाळाव्या लागतात. आठची सुट्टी म्हणजे सातच्या पुढचा एक तास. त्या एका तासासाठी वेगळी संमती, वेगळी व्यवस्था. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा त्याला पुरत नाही. आणि "जमत नसेल त्यांनी ऑफिसला भेटावे" या ओळीनंतर उमटलेला अंगठा तर मुळीच नाही.

मालकांची बाजू मला दिसत नाही असं नाही. त्या कारखानदारांशी तासभर बोललो. संध्याकाळची वीज महाग, दिवसाची त्या मानानं स्वस्त. त्यामुळे रात्रपाळी मोडून दिवसा लांब पाळी करावी असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे. ऑर्डर वरच्या कंपनीची, तिची तारीख चुकली तर पेमेंट अडकतं. माणसं मिळत नाहीत. "आम्ही काय टाटा-बिर्ला आहोत का," ते म्हणाले. नाहीत. पण मी त्यांना एवढंच विचारलं, की वीज बिलाचं टाइमटेबल समजून घ्यायला तुम्ही कन्सल्टंट लावलात ना, मग माणसांच्या टाइमटेबलला मेसेज कसा पुरतो? ते हसले. चहा मागवला. उत्तर दिलं नाही.

आणि खरी अडचण असेल तर नव्या संहितेनं वाटही ठेवली आहे. अचानक परिस्थिती ओढवली आणि शिफ्ट बदलावीच लागली तर तक्रार निवारण समितीशी विचारविनिमय करून नोटिशीशिवायही बदल करता येतो. वीस किंवा जास्त कामगार असतील तर ही समिती असायलाच हवी, तीत मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखे. आपल्या एमआयडीसीत अशी समिती किती ठिकाणी आहे? मी सात-आठ ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी "आहे की" म्हणून मला सत्यनारायणाच्या पूजेची कमिटी सांगितली.

एक चांगलं उदाहरण माझ्या ओळखीत आहे, तेही सांगायला हवं. एक छोटा वर्कशॉपवाला, पंचवीसेक माणसं. त्याला नऊची पाळी आठला आणायची होती. महिनाभर आधी मराठीत कागद काढून गेटवर लावला, प्रत्येकाच्या हातात दिला, सही घेतली. चार जणांनी अडचण सांगितली. दोघांना साडेआठ करून दिलं, एकाला दुसऱ्या पाळीत घातलं, चौथा स्वतःच म्हणाला, बघतो महिनाभर. तास तेवढेच ठेवले, सुट्टी तासभर आधी. वकील लागला नाही, युनियन लागली नाही. त्याला कलम ४० माहीत नव्हतं. "माझी बी माणसं हायती, विचारायला नको का," एवढंच म्हणाला.

दुकानदार मित्रांसाठी. दहापेक्षा कमी माणसं असतील तर २०१७ चा दुकाने कायदा तासांच्या बाबतीत तुम्हाला लागत नाही, हे खरं. म्हणून कापड दुकानातली पोरगी सकाळी दहापासून रात्री साडेनऊपर्यंत उभी असते आणि बसायला स्टूलही नसतं. पण वेतन संहिता माणसं मोजत नाही. किमान वेतन आणि ठरल्यापेक्षा जादा तासांना दुप्पट, हे एका नोकराच्या दुकानालाही लागतं. तेव्हा "आपल्याला कायदाच नाही" या भ्रमात राहू नका. कायदा आहे, तपासायला कोणी येत नाही इतकंच.

तपासणीबद्दल बोललो तर ही पोस्ट दुप्पट होईल, म्हणून ते पुढच्या वेळी. एवढंच सांगतो की सरकारी कामगार अधिकाऱ्याचं ऑफिस जिल्ह्याला, इथून बसनं दोन तास, आणि तक्रार द्यायला जायचं तर कामगाराला एक दिवसाचा पगार सोडावा लागतो.

आणि हो, आमच्या घरातही फार उजेड नाही. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ पासून कायदा होता. सलग चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा जास्त काम नाही, म्हणजे आठवड्याला छत्तीस. तालुक्यातल्या कुठल्याही वार्ताहराला हा आकडा सांगा, तो हसेल. निम्म्यांना तर नेमणुकीचं पत्रच नाही, त्यांचे तास कोण मोजणार. पण म्हणून दुसऱ्यांच्या तासांबद्दल लिहायचं नाही, हे मला मान्य नाही.

त्या बायकांना मी काय सांगितलं ते इथेही लिहितो, बाकीच्यांनाही उपयोग होईल. मेसेज डिलीट करू नका, तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरही ठेवा. रोज गेटमधून आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ एका वहीत लिहा, पोराच्या जुन्या वहीची मागची पानं चालतील. एसटीचं तिकीट फेकू नका, त्यावर वेळ असते. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. 'संमतीपत्र' असं लिहिलेला कागद आला तर घरी न्यायला मागा. एकटीनं ऑफिसला 'भेटायला' जाऊ नका, चार-पाच जणी मिळून जा आणि बोलायचं तेच कागदावर लिहून, पोच घेऊन द्या. आणि फार दिवस घालवू नका. १९७१ च्या कायद्याखाली तक्रारीची मुदत ९० दिवसांची आहे.

सोमवारी त्या आठला गेल्या. न जाऊन कसं चालेल. मंगळवारी अकरा जणींनी मिळून साध्या कागदावर अर्ज दिला: वेळ बदलायची तर लेखी नोटीस द्यावी, जादा तासांचे पैसे किती ते सांगावं, आणि आठपर्यंत थांबवायचं तर गाडीची सोय करावी. अर्ज घेतला गेला. पोच द्यायला क्लार्क तयार नव्हता, मग एकीनं अर्ज त्याच्या टेबलावर ठेवून फोटो काढला. बुधवारपासून सुट्टी साडेसातला होतेय. मुक्कामी गाडी मिळते, पळत गेलं तर.

तुमच्याकडे असा मेसेज आला असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा. नाव बाहेर जाणार नाही. आणि मालक मंडळींपैकी कुणाला यातलं काही चुकीचं वाटत असेल तर कलम दाखवून लिहा, मी इथेच छापतो.